जावईबापूंचे पाय गार पडले

माझ्या सख्ख्या बहिणीचा होणारा नवरा मी लग्नाला आठवडा उरला असताना मारला. हत्यार इंग्रजी होतं.

तो काळ निजामाच्या राज्याचा. आमचं घर औरंगाबादेत, शहागंजात. वडील, म्हणजे अण्णा, तहसील कचेरीत साहेबांपुढं कागद ठेवणारे पेशकार. उर्दू असं वळणदार लिहायचे की साहेब सही करायची विसरून अक्षर बघत बसायचे. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, घरात मराठी आणि भिंतीपलीकडं हकीमचाचांच्या घरी दखनी. इंग्रजी मात्र सगळ्या गल्लीत एकट्या मलाच येते, असं आमच्या घरच्यांचं ठाम मत होतं. (ते मीच पसरवलं होतं.)

माझी इंग्रजी कशी, तेही सांगतो. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना मुहावऱ्यांचा, म्हणजे वाक्प्रचारांचा, भारी नाद. म्हणायचे, "मियाँ, ग्रामर तो कोई बी सीख लेता. अंग्रेज का दिल मुहावरे में रहता." त्यांच्याकडं मुहावऱ्यांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पहिला भाग जनावरांचा, दुसरा शरीराच्या अवयवांचा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणं. 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे खोटं रडणं. हे सगळं जंगल आम्ही तोंडपाठ केलं आणि मास्तरांची नांदेडला बदली झाली. अवयव राहून गेले. पण मला त्यांची कधी उणीव भासली नाही. माणूस जनावरांवर बरंच भागवून नेतो.

पाऊस लागला की मी ओसरीत उभा राहून मांजरं-कुत्री पाडायचो आणि आई वाळवण गोळा करता करता म्हणायची, "बोलायचं ते बोल, पण तेवढी ती पाटी धर."

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी अक्का. तिचं लग्न ठरलं जालन्याच्या दिगंबररावांशी. ते तिथल्या स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. रेल्वेतला माणूस म्हणजे इंग्रजीचं माहेरच! साखरपुड्याला मी त्यांना सोडलंच नाही. 'अर्ली बर्ड' झाला, 'ब्लॅक शीप' झाली. दिगंबरराव राखी लोकरीचा कोट घालून मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, हा माणूस वरून गरीब, आतून वाघ. तशा अर्थाचा मुहावरा माझ्याकडं होता. मी सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "सर, यू आर अ वुल्फ इन शीप्स क्लोदिंग."

मेंढीच्या कातड्यातला लांडगा. मास्तरांनी अर्थ सांगितला होता, 'जाहिर कुछ, बातिन कुछ'. दिसायला एक आणि आत एक. मला तो स्तुतीचाच वाटला. शिवाय कोट लोकरीचा होता.

दिगंबरराव जरा वेळानं हसले. "थँक यू," म्हणाले. अण्णांनी मान डोलावत अभिमानानं इकडंतिकडं पाहिलं.

त्यानंतर लग्नाची गडबड सुरू झाली. आमची आत्या करमाडला राहायची. पापड-कुरडयांपासून पाव्हण्यांच्या रुसव्यापर्यंत सगळं तिच्यावाचून अडायचं. एका सकाळी जालन्याकडून येणाऱ्या गाडीनं ती येणार होती म्हणून मी तिला आणायला स्टेशनवर गेलो. गाडी लागली. आत्या गाठोडी, मडकी आणि एक सुपारीचं बोचकं घेऊन उतरत होती, तेवढ्यात मागच्या डब्यातून गार्डसाहेबांनी मला हाक मारली.

हे गार्डसाहेब गोरेगोमटे, अर्धे विलायती. दिगंबररावांचे दोस्त. साखरपुड्याला आले होते आणि जिलब्यांपुढून हलले नव्हते. मला बघून हसत म्हणाले, "हॅलो, यंग मॅन. युअर ब्राइडग्रूम हॅज गॉट कोल्ड फीट. बेटर गो अँड वॉर्म देम अप."

शिट्टी झाली, हिरवं निशाण हललं, गाडी निघून गेली.

मला शब्द न शब्द कळला होता. सगळा घोटाळा तिथंच झाला. कोल्ड म्हणजे गार, फीट म्हणजे पाय. नवरदेवाचे पाय गार पडलेत, जा आणि शेका. एकही जनावर नसलेलं, इतकं सोपं इंग्रजी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"काय म्हनला रं त्यो टोपीवाला?" आत्यानं विचारलं.

"जावईबापूंचे पाय गार पडलेत म्हणे."

आत्याच्या हातातलं मडकं फलाटावर पडलं. आपल्याकडं पाय कधी गार पडतात, हे तिला सांगायला नको होतं. तिनं तीन माणसांना त्या वाटेनं जाताना बघितलं होतं. टांग्यात बसल्या बसल्या तिनं तिघांचीही हकीकत सांगितली. "आदी पाय गार पडत्यात. मंग गुडघं. मंग पोराला म्हनावं, गंगाजल आण. कदी म्हनला त्यो, सकाळी का राती?"

"ते नाही सांगितलं."

"कामून नाय इचारलं?"

"गाडी सुटली आत्या."

"ग्वाड पोरगं व्हतं," आत्या म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. 'होतं' ऐकून टांगेवाल्यानंही घोडा जरा हळू केला.

घरी अण्णा कचेरीत जायला निघाले होते. त्यांनी बातमी ऐकली, टोपी काढून खुंटीला लावली आणि मला समोर उभं केलं. अण्णांची उलटतपासणीची सवय घरीही सुटत नसे.

"गार्ड नेमकं काय बोलला? लफ्ज-ब-लफ्ज सांग."

मी सांगितलं.

"याचा तर्जुमा तू केलास तोच होतो? दुसरा काही होत नाही? चुकीच्या तर्जुम्यापायी माणसं फासावर जातात, बाळू."

"अण्णा, कोल्ड म्हणजे गार आणि फीट म्हणजे पाय. यात चुकायला जागाच नाही."

"आणि शेका म्हणाला?"

"शेकाच म्हणाला."

आईनं देव पाण्यात ठेवले. अण्णा शेजारून हकीमचाचांना बोलावून घेऊन आले. हकीमचाचांच्या हाताला गुण होता आणि दाढीला मेंदी. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "दोनों पाँव?" त्यांनी मला विचारलं.

फीट हे अनेकवचन. "दोनों," मी म्हणालो.

"तो फिर देर नक्को," चाचा म्हणाले आणि तेलाच्या बाटल्या भरायला गेले.

ही सगळी खलबतं अक्काच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत असं ठरलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. म्हणाली, "मी येणार."

"लग्नाआधी मुलगी सासरी जाते का कुठं?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचे पाय गार पडले नाहीत," अक्का म्हणाली. "त्यांना बघायचं असलं तर मला आजच बघायला हवं ना?"

तोडगा काढला तो हकीमचाचांच्या घरच्या चाचींनी. त्या भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. त्यांनी आपला काळा बुरखा भिंतीवरून अलीकडं टाकला. "पहन के जा बेटी. हकीमसाब की भतीजी बोलना. कौन पूछता?"

अशी दुपारच्या गाडीनं आमची वरात जालन्याला निघाली. अण्णा, हकीमचाचा आणि मी एका डब्यात. आत्या आणि बुरख्यातली अक्का जनान्या डब्यात. तिथं एका बाईनं अक्काला प्रेमानं दखनीत गाव विचारलं. आत्यानं परस्पर सांगितलं, "मुकी हाय ती." त्या बाईनं बदनापूर येईपर्यंत अक्काच्या पाठीवरून हात फिरवला, जाताना एक पेरू दिला आणि अशा पोरीचं लग्न कसं होणार म्हणून उसासा टाकला. अक्काला आतल्या आत रडू आवरत नव्हतं. बाईला वाटलं, पेरूमुळं.

दिगंबररावांचं क्वार्टर स्टेशनामागंच होतं. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. आई आमंत्रणं करायला गावात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. अण्णांनी कडी वाजवली, हाक मारली, मग दार ढकललं.

समोर खाटेवर दिगंबरराव उताणे पडले होते. डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरी चादर. पाय तेवढे बाहेर.

आत्या पुढं झाली. तिनं तळवा चाचपला आणि मागं वळून म्हणाली, "गारच हायेत."

(ते गारच होते. रात्रपाळी, तिला जोडून सकाळची पाळी, अशी ड्यूटी करून दिगंबरराव नुकतेच घरी आले होते आणि रांजणाच्या पाण्यानं पाय धुऊन झोपले होते. हे मागाहून कळलं. त्या क्षणी मला एकच वाटलं, आपलं भाषांतर बरोबर आहे.)

आत्यानं गळा काढला. रेल्वेतला माणूस तो. उशाशी इंजिनं ओरडत असताना झोपायची सवय. त्यानं कूसही बदलली नाही. त्यामुळं उरलीसुरली आशाही मावळली. अण्णा भिंतीला टेकले. अक्का दारातच खाली बसली. मी पहिल्यांदाच घाबरलो, कारण इतका वेळ मला ही बातमी इंग्रजीतच कळली होती.

हकीमचाचांनी मात्र चादरीखाली हात घालून मनगट शोधलं. बराच वेळ नाडी बघितली. "चुप बैठो सब," ते म्हणाले. "जिंदा है."

मग एकच धांदल उडाली. आत्यानं चुलीतला विस्तव फुंकून वीट तापवायला घातली. चाचांनी सुंठ घातलेलं तेल काढलं. एक पाय अण्णांनी घेतला, एक मी. सासरा जावयाचे पाय धुतो ते लग्नात; आमच्याकडं ते आधीच सुरू झालं. तेवढ्यात आत्या फडक्यात गुंडाळलेली वीट घेऊन आली आणि तिनं ती दोन्ही तळव्यांना लावली.

दिगंबरराव सरळ उठून बसले.

त्यांनी काय पाहिलं ते लक्षात घ्या. एका पायाशी होणारे सासरे, दुसऱ्या पायाशी मी, मनगट धरून बसलेले, मेंदी लावलेल्या दाढीचे अनोळखी म्हातारे, विटेपाशी रडणारी बाई आणि दारात बुरखा. मग त्यांचा चेहरा पडला. हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कळलं."

"कळलं," अण्णा मायेनं म्हणाले. "आम्हाला असं परक्याकडून कळावं का? कधीपासून होतंय हे?"

"साखरपुड्यापासूनच."

"साखरपुड्यापासून? आणि आधी कधी?"

"आधी कधीच नाही. तुमच्या घरून आलो तेव्हापासून."

"मग बोलला नाहीत ते?"

"लाज वाटली," दिगंबरराव म्हणाले. "आईलासुद्धा नाही सांगितलं. रात्री ड्यूटीवर फार होतं. दिवसा लोकांत असलो की कमी वाटतं."

"रात को बढता," हकीमचाचांनी मान डोलावली. "थंड का मर्ज है."

"अहो, यात लाज कसली?" अण्णा पाय चोळत म्हणाले. "माझ्या वडिलांना जन्मभर होतं. मोजे घालून झोपायचे."

दिगंबररावांनी यावर बराच विचार केला. "मोजे?" ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या पायाकडं, विटेकडं, तेलाच्या बाटलीकडं पाहिलं. "तुम्हाला नेमकं कुणी काय सांगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गार्डसाहेबांचं वाक्य म्हणून दाखवलं. उच्चारसुद्धा त्यांच्यासारखे केले.

दिगंबररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. आत्या म्हणाली, "पोराला फेफरं आलं." ते हसत होते. जरा शांत झाल्यावर म्हणाले, "त्याचा पायांशी काही संबंध नाही. मलाही गार्डसाहेबांकडून परवाच कळलं. ऐन लग्नाच्या तोंडावर माणूस मनातून कचरला, की इंग्रज त्याला कोल्ड फीट म्हणतात."

अण्णांनी हातातला पाय अलगद खाटेवर ठेवला.

"डर लगता दिल में," हकीमचाचा म्हणाले, "और बोलते पाँव में. अजीब लोगाँ हैं."

"कचरलात?" अण्णांचा आवाज आता कचेरीतला झाला होता. "माझ्या मुलीत काय उणं दिसलं तुम्हाला?"

"काही नाही हो. मीच..." दिगंबररावांनी माझ्याकडं पाहिलं आणि थांबले. मग धीर करून बोलले. "साखरपुड्याला यांनी चारचौघांत मला काहीतरी सुनावलं. मला इंग्रजी बेताचीच. गुरंढोरं बुक करताना जनावरांची नावं लिहावी लागतात, तेवढी ओळखू आली. एक लांडगा आणि एक मेंढी. परत येताना गार्डसाहेबांना अर्थ विचारला. ते म्हणाले, साळसूदपणाचा आव आणणाऱ्या लबाड माणसाला असं म्हणतात." ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, तुमच्या घरी माझ्याबद्दल कुणी काहीबाही सांगितलंय. तुम्हीही मान डोलावलीत. मग वाटलं, जिथं आपल्याला लबाड समजतात तिथली मुलगी सुखी कशी होईल आपल्याकडं?"

अण्णा माझ्याकडं वळले. मला ओरडा अपेक्षित होता. पण ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बाळू, रोग पण तूच दिलास आणि निदान पण तूच केलंस."

आत्या म्हणाली, "आन् माझं मडकं फुटलं त्ये येगळंच."

तेवढ्यात दारातला बुरखा उभा राहिला. अक्कानं तोंडावरचा पडदा मागं टाकला. दिवसभराच्या धुरळ्यानं आणि रडण्यानं तिचा चेहरा माखला होता. दिगंबररावांनी तिला ओळखलं आणि त्यांनी पाय चादरीखाली ओढून घेतले.

"मला इंग्रजीतले दोनच शब्द येतात," अक्का म्हणाली. "यस आणि नो. माझ्या भावाचं सोडून द्या, त्याला तेवढेही नीट येत नाहीत. या दोनातला कुठला, ते तुम्ही मला आत्ता सांगा. मग मी गाडीनं परत जाते."

अण्णा छताकडं बघायला लागले. हकीमचाचा बाटल्यांची बुचं घट्ट करायला लागले.

"यस," दिगंबरराव म्हणाले. तळपाय पोळले होते, तरी ते उभं राहून म्हणाले.

अक्कानं पडदा खाली घेतला. आत्या सांगते की पडद्याआड ती हसत होती. आत्याला पडद्याआडचं कसं दिसलं, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या प्रश्नांना किंमत नव्हती.

परतीच्या प्रवासात माझ्याशी कुणी बोललं नाही. हकीमचाचांनी तेवढं करमाडच्या आसपास माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "बाळूमियाँ, तुम वकालत तो नै करने वाले ना?" मी नाही म्हणालो. त्यांनी अल्लाचे आभार मानले.

मी मात्र मनाशी पक्कं केलं. इंग्रज माणूस जे बोलतो, ते त्याच्या मनात नसतंच. पाय म्हणाला की समजावं मन. मेंढी म्हणाला की समजावं लबाडी. इथून पुढं शब्दाला न भुलता थेट आतला अर्थ पकडायचा.

लग्न आमच्या दारात झालं. गोरज मुहूर्त. मांडव भरलेला, गॅसबत्त्या नुकत्याच लावलेल्या, सनईवाला रंगात आलेला. चाची आणि आई एका ताटात जेवायला बसल्या होत्या. दिगंबरराव तोच लोकरी कोट घालून आले होते आणि मला बघूनसुद्धा न कचरता हसले होते. माणूस खरोखर आतून वाघ होता. गार्डसाहेबही आले होते. मी त्यांना आदरानं पाट दिला आणि पुन्हा जिलब्यांपुढं बसवलं.

पंगत निम्म्यावर आली असताना गार्डसाहेबांनी मला खूण करून जवळ बोलावलं. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "यंग मॅन, युअर टेंट इज ऑन फायर."

टेंट म्हणजे मांडव, फायर म्हणजे आग. पण आता मी फसणार नव्हतो. मी जाणत्यासारखं हसलो, लवून "थँक यू, सर" म्हणालो. अण्णा लगबगीनं आले आणि त्यांनी विचारलं, "साहेब काय म्हणाले?"

"मुहावरा आहे अण्णा," मी म्हणालो. "समारंभ अगदी रंगात आलाय म्हणतात."

अण्णांना इतकं बरं वाटलं की त्यांनी साहेबांना आणखी दोन जिलब्या वाढायला लावल्या. साहेबांनी तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. मी पुन्हा थँक यू म्हणालो. शेवटी ते स्वतः उठले, कढीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या डोक्यावरून मागच्या कनातीवर ओतलं. गॅसबत्तीनं पेटलेली कनात चर्र करून विझली. निम्मी कढी माझ्या वाट्याला आली.

पुढं मी शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. सरकारला त्या वेळी दुसरं कुणी मिळालं नसावं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं मोठमोठ्या हुद्द्यांवर पोचली, ती बहुधा दुसरीकडं शिकवणी लावून. आमच्या घरी मात्र एक रीत आजही पाळली जाते. मी कुणाशी इंग्रजीत बोलायला लागलो, की घरातलं कुणीतरी उठतं आणि आधी एक बादली भरून ठेवतं.